‘सोमवारपर्यंत’ म्हणजे ‘टिल मंडे’ की ‘बाय मंडे’? वारंवार होणारी एक चूक आणि तिचे निवारण

सांगलीत इंग्रजी पत्रव्यवहाराचे वर्ग घेताना एक चूक मला जवळजवळ प्रत्येक तुकडीत आढळते. हळदीच्या किंवा बेदाण्याच्या पेढीत काम करणारा, बँकेत नव्याने लागलेला किंवा महाविद्यालयाच्या कार्यालयात पत्रे लिहिणारा विद्यार्थी ‘मी सोमवारपर्यंत दरपत्रक पाठवीन’ हे वाक्य इंग्रजीत ‘आय विल सेंड द क्वोटेशन टिल मंडे’ असे लिहितो. व्याकरणाचे बाकीचे सगळे नीट असते, शब्दांची अक्षरे बरोबर असतात, काळही बरोबर असतो, फक्त तेथे ‘टिल’च्या जागी ‘बाय’ हवे असते. त्याने लिहिलेल्या वाक्याचा इंग्रजी वाचकाला लागणारा अर्थ असा, की हा मनुष्य सोमवार उजाडेपर्यंत तेच दरपत्रक सारखे पाठवत राहणार आहे.

चूक दाखवली की विद्यार्थी ती मान्य करतो आणि वहीत लिहूनही घेतो. खरी अडचण पुढच्या आठवड्यात सुरू होते. आता तोच विद्यार्थी ‘कार्यालय सहापर्यंत उघडे असते’ याचे ‘द ऑफिस इज ओपन बाय सिक्स’ असे भाषांतर करतो, कारण ‘पर्यंत’ म्हणजे ‘बाय’ असा नवा नियम त्याने मनाशी पक्का केलेला असतो. पहिली चूक गेली, दुसरी आली, आणि महिनाभराने बहुधा पहिलीच परत येते. म्हणून या दोन शब्दांपैकी कोणता बरोबर आणि कोणता चूक हे सांगून ही समस्या सुटत नाही. दोन्ही शब्द बरोबर आहेत, आणि निवड कशावरून करायची हे विद्यार्थ्याला कोणी सांगितलेले नसते.

या चुकीचे परिणाम केवळ परीक्षेतील गुणांपुरते राहत नाहीत. माझ्या एका माजी विद्यार्थिनीला बेदाण्याच्या व्यवहारात परप्रांतातील खरेदीदाराला कळवायचे होते, की तुमचा माल ३१ मेपर्यंत शीतगृहात ठेवला जाईल, त्यानंतर उचलावा लागेल. तिने लिहिले, ‘युअर लॉट विल बी केप्ट इन कोल्ड स्टोअरेज बाय ३१ मे.’ खरेदीदाराने घाबरून उलट विचारले, की मग आत्ता माल कोठे आहे, आणि इतक्या उन्हाळ्यात तो शीतगृहाबाहेर का ठेवला आहे. त्याने वाक्य अगदी बरोबर वाचले होते. ‘बाय’मुळे त्या वाक्याचा अर्थ ‘माल ३१ मे रोजी किंवा त्याआधी केव्हातरी शीतगृहात ठेवण्यात येईल’ असा झाला होता. ही विद्यार्थिनी हुशार आणि काळजीपूर्वक लिहिणारी होती, आणि म्हणूनच मला या प्रकरणाच्या मुळाशी जावेसे वाटले.

चुकीचे मूळ

‘पर्यंत’ हा शब्द संस्कृतातील ‘परि’ आणि ‘अंत’ यांपासून झाला आहे आणि तो फक्त कड दाखवतो, सीमा दाखवतो. त्या सीमेपर्यंत क्रिया अखंड चालत राहिली, की त्या सीमेच्या अलीकडे कोठेतरी ती एकदाच घडून गेली, याविषयी ‘पर्यंत’ काहीही सांगत नाही. ते काम मराठीत क्रियापद करते. ‘सोमवारपर्यंत थांब’ आणि ‘सोमवारपर्यंत पैसे भर’ या दोन वाक्यांत ‘सोमवारपर्यंत’ अगदी सारखेच आहे, पण थांबणे ही पसरणारी क्रिया असल्यामुळे ती सोमवारला जाऊन टेकते, आणि पैसे भरणे ही एकदा होऊन संपणारी क्रिया असल्यामुळे ती सोमवारच्या आधी किंवा सोमवारी केव्हाही उरकते. मराठी माणसाला हा फरक इतका अंगवळणी पडलेला असतो, की तो आपण करतो आहोत हेच त्याच्या लक्षात येत नाही.

इंग्रजीत हा फरक क्रियापदावर सोडलेला नाही. तेथे तो शब्दयोगी शब्दातच उघड करावा लागतो. क्रिया किंवा स्थिती त्या क्षणापर्यंत चालू राहणार असेल तर ‘टिल’ किंवा ‘अन्टिल’, आणि क्रिया त्या क्षणापूर्वी अथवा त्या क्षणी घडून पूर्ण होणार असेल तर ‘बाय’. म्हणजे मराठीत एका शब्दात सामावलेल्या दोन गोष्टी इंग्रजीत दोन वेगळ्या शब्दांत वाटल्या गेल्या आहेत. हिंदीतील ‘तक’ आणि जर्मन भाषेतील ‘बिस’ हे शब्दही आपल्या ‘पर्यंत’सारखे दोन्ही कामे करतात, त्यामुळे ती भाषा बोलणाऱ्यांचीही इंग्रजी लिहिताना येथेच गफलत होते. मी हे विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतो, कारण आपले इंग्रजी कच्चे आहे अशी त्यांची समजूत झालेली असते आणि ती समजूत त्यांना विनाकारण मागे खेचते.

यात शिकवण्याच्या क्रमाचाही भाग आहे. आपल्या राज्यात मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, म्हणजे आजच्या विशीतील मुलांना या भाषेचा सहवास कमी मिळाला असे म्हणता येत नाही. पण ‘बाय’ हा शब्द त्यांना प्रामुख्याने कर्मणी प्रयोगाच्या धड्यात भेटतो. तेथे त्याचा अर्थ ‘कडून’ किंवा ‘ने’ असा पाठ होतो, ‘बाय बस’ म्हणजे ‘बसने’ हा अर्थ त्याच्या शेजारी जाऊन बसतो, आणि ‘पर्यंत’ या शब्दाशी मात्र एकट्या ‘टिल’ची गाठ पडते. मुदतीच्या अर्थाचा ‘बाय’ कधी स्वतंत्रपणे शिकवलाच गेला नाही, तर तो ऐन वेळी आठवणार कसा?

एकाच वाक्यात दोन्ही शब्द घालून पाहा

अर्थातील अंतर मनावर ठसवायचे असेल, तर दोन्ही शब्द व्याकरणदृष्ट्या चालतात अशी वाक्ये घ्यावीत. सांगलीकरांना यासाठी पुराच्या दिवसांतील सूचनांहून अधिक ओळखीचे उदाहरण मिळणार नाही. ‘द ब्रिज विल बी क्लोज्ड अन्टिल मॉर्निंग’ या वाक्याचा अर्थ, पूल सकाळपर्यंत बंद राहील आणि सकाळी उघडेल. ‘द ब्रिज विल बी क्लोज्ड बाय मॉर्निंग’ या वाक्याचा अर्थ, सकाळ होण्यापूर्वी केव्हातरी पूल बंद केला जाईल. पहिल्या वाक्यानुसार सकाळी पुलावरून जाता येते आणि रात्री जाता येत नाही. दुसऱ्या वाक्यानुसार रात्री काही काळ तरी जाता येईल, सकाळी मात्र जाता येणार नाही. दूध घेऊन निघालेल्या टेम्पोच्या चालकाला या दोन वाक्यांपैकी चुकीचे वाक्य मिळाले, तर तो पुलाच्या तोंडाशी अडकून पडेल.

आणखी एक जोडी अशी, की जिथे मराठीच संदिग्ध आहे. ‘मी शुक्रवारपर्यंत पुण्यात असेन’ हे वाक्य सांगलीहून निघण्यापूर्वी कोणी म्हटले, तर तो शुक्रवारच्या आधी पुण्याला पोचणार आहे असाही अर्थ होतो, आणि तो पुण्यात राहून शुक्रवारी परत फिरणार आहे असाही होतो. ऐकणारा संदर्भावरून अर्थ लावतो. इंग्रजीत ‘आय विल बी इन पुणे बाय फ्रायडे’ म्हटले की पहिलाच अर्थ होतो, आणि ‘आय विल बी इन पुणे अन्टिल फ्रायडे’ म्हटले की दुसराच. येथे लिहिणाऱ्याला मराठी वाक्याचे भाषांतर करून भागत नाही. आपल्या मनात नेमके काय आहे हे आधी त्याला स्वतःला विचारावे लागते.

निवड करण्याची कसोटी

इंग्रजी क्रियापदांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा मराठी वाक्यालाच दोन प्रश्न विचारावेत, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे. पहिला प्रश्न असा, की या वाक्यात ‘राहणे’ हे क्रियापद अर्थ न बिघडता घालता येते का. ‘कार्यालय सहापर्यंत उघडे असते’ याऐवजी ‘उघडे राहते’ म्हणता येते. ‘पाऊस थांबेपर्यंत आम्ही एस.टी. स्थानकात उभे होतो’ याऐवजी ‘उभे राहिलो’ म्हणता येते. अशा ठिकाणी ‘अन्टिल’ हवे. दुसरा प्रश्न असा, की ‘पर्यंत’ काढून तेथे ‘च्या आत’ घालता येते का. ‘दहा तारखेपर्यंत हप्ता भरा’ याऐवजी ‘दहा तारखेच्या आत हप्ता भरा’ चालते, म्हणून तेथे ‘बाय’ हवे. ‘दहा तारखेच्या आत वाट पाहत राहा’ हे मात्र कानालाच खटकते, म्हणून तेथे ‘बाय’ नको.

या दुसऱ्या कसोटीबाबत एक सावधगिरी बाळगावी लागते. ‘च्या आत’ ऐकताना ती तारीख वगळल्यासारखी वाटू शकते, पण ‘बाय द टेन्थ’ म्हटले की दहा तारीख त्यात धरलेली असते. म्हणून ‘च्या आत’ ही केवळ शब्द निवडण्याची कसोटी समजावी, त्यावरून ‘बिफोर द टेन्थ’ असे भाषांतर करू नये, कारण तसे केल्यास खरोखरच एक दिवस हातचा जातो. ‘अन्टिल द टेन्थ’मध्ये दहावा दिवस धरायचा की नाही, याविषयी तर इंग्रजी वाचकांतही एकमत नसते. म्हणूनच निविदांमध्ये आणि करारांमध्ये ‘ऑन ऑर बिफोर’ असे स्पष्ट लिहितात, आणि रजेच्या अर्जात शेवटचा दिवस धरायचा असल्यास ‘इन्क्लूसिव्ह’ हा शब्द जोडतात.

नकार आला की होणारा घोटाळा

सर्वांत जास्त चुका नकारार्थी वाक्यांत होतात आणि येथे थोडे थांबून विचार करणे आवश्यक आहे. ‘द ट्रक डिड नॉट लीव्ह अन्टिल टेन’ या वाक्यात निघणे ही एकदाच घडणारी क्रिया असूनही ‘अन्टिल’ आलेले आहे. याचे कारण असे, की नकारामुळे ‘न निघणे’ ही एक स्थिती झाली, ती स्थिती दहापर्यंत टिकली आणि दहाला संपली. म्हणजेच ट्रक दहाला निघाला. याउलट ‘बाय टेन द ट्रक हॅड नॉट लेफ्ट’ याचा अर्थ एवढाच, की दहा वाजता पाहिले तेव्हा ट्रक निघालेला नव्हता. तो पुढे निघाला की नाही याची माहिती त्या वाक्यात नाही.

आता ‘दहापर्यंत ट्रक निघाला नाही’ हे मराठी वाक्य बहुतेक वेळा या दुसऱ्या अर्थाने येते, आणि विद्यार्थी मात्र सवयीने ‘टिल’ वापरून पहिला अर्थ लिहून बसतो. मग पहिल्या अर्थासाठी आपल्याकडे काय आहे? आपल्याकडे त्यासाठी अतिशय नेमकी रचना आहे: ‘दहा वाजले तेव्हा कुठे ट्रक निघाला.’ हे ‘तेव्हा कुठे’ म्हणजेच इंग्रजीतील ‘नॉट अन्टिल’. ‘बाबांनी दोनदा फोन केला तेव्हा कुठे तो उठला’ हे वाक्य इंग्रजीत नेताना ‘ही डिड नॉट गेट अप अन्टिल हिज फादर हॅड कॉल्ड ट्वाइस’ असेच न्यावे लागते. त्याचप्रमाणे ‘बाय नाऊ’ला ‘आतापर्यंत’ हा शब्द अपुरा पडतो, पण ‘एव्हाना’ हा शब्द तंतोतंत बसतो. ‘एव्हाना गाडी मिरजेला पोचली असेल’ म्हणजे ‘द ट्रेन मस्ट हॅव रीच्ड मिरज बाय नाऊ.’ ज्यांना हे दोन मराठी प्रयोग जिभेवर असतात, त्यांना तो इंग्रजी फरक परका वाटत नाही. वर्गात ‘एव्हाना’ हा शब्द फळ्यावर लिहिला की मागच्या बाकांवरचे चेहरेही उजळतात, असे मी अनेकदा पाहिले आहे.

नकाराचा आणखी एक सापळा ‘जोपर्यंत’ या शब्दात आहे. ‘जोपर्यंत तुम्ही शुल्क भरत नाही तोपर्यंत दाखला मिळणार नाही’ हे उत्तम मराठी आहे आणि त्यात दोन ‘नाही’ आहेत. त्याचे ‘अन्टिल यू डू नॉट पे द फी, यू विल नॉट गेट द सर्टिफिकेट’ असे भाषांतर मात्र चुकीचे ठरते, कारण ‘अन्टिल’ नकाराचा शेवट कोठे होतो तो क्षण दाखवते, आणि तो क्षण म्हणजे शुल्क भरण्याचा. म्हणून ‘अन्टिल यू पे द फी’ एवढेच लिहावे आणि नकार फक्त दुसऱ्या भागात ठेवावा.

क्रियापदाला जोडलेले ‘पर्यंत’

‘तो येईपर्यंत’ या प्रकारच्या रचनेत वरचाच फरक एका पायरीने वाढतो. ‘तो येईपर्यंत मी थांबले’ येथे ‘अन्टिल ही केम’ पुरेसे आहे. ‘तो येईपर्यंत माझा स्वयंपाक उरकला होता’ येथे मात्र नुसते ‘बाय’ चालत नाही, कारण ‘बाय’च्या पुढे नाम किंवा वेळ लागते आणि वाक्य लागत नाही. म्हणून ‘बाय द टाइम ही केम’ असे लिहून पुढे ‘आय हॅड फिनिश्ड कुकिंग’ असा पूर्ण भूतकाळ योजावा. भविष्यकाळाविषयी बोलताना या दोन्ही शब्दांनंतर साधा वर्तमानकाळ येतो: ‘अन्टिल ही कम्स’, ‘बाय द टाइम ही कम्स’. ‘अन्टिल ही विल कम’ ही रचना आपल्या ‘येईल’मुळे सुचते आणि ती टाळावी.

‘टिल’ आणि ‘अन्टिल’ यांच्या अर्थात फरक नाही. ‘अन्टिल’ हा औपचारिक लेखनात आणि वाक्याच्या आरंभी अधिक शोभतो, आणि ‘टिल’ हे त्याचे छाटलेले रूप आहे हा समज खरा नाही, कारण दोहोंत ‘टिल’च जुना आहे. ‘टिल’च्या शेवटी ‘एल’ हे अक्षर दोनदा येते आणि ‘अन्टिल’च्या शेवटी एकदाच येते, एवढे लक्षात ठेवावे.

जेथे या दोहोंपैकी एकही शब्द लागत नाही

‘पर्यंत’ दिसले की ‘टिल’ किंवा ‘बाय’ यांपैकी एक घातलेच पाहिजे, अशीही एक समजूत होऊन बसते. अंतर किंवा मर्यादा सांगताना या दोहोंची गरज नसते. ‘आम्ही गणपती मंदिरापासून आयर्विन पुलापर्यंत चालत गेलो’ येथे ‘टू’ किंवा ‘ॲज फार ॲज’ हवे. ‘या सभागृहात २०० माणसांपर्यंत सोय होते’ येथे ‘अप टू’ हवे. मात्र ‘मिरजेपर्यंत गाडीतून उतरू नका’ या वाक्यात ‘अन्टिल मिरज’ चालते, कारण तेथे मिरज हे गावाचे नाव असले तरी मनात अभिप्रेत असते ती मिरज येण्याची वेळ.

तसेच ‘बाय’ला घड्याळातील किंवा दिनदर्शिकेतील एक बिंदू लागतो, कालावधी लागत नाही. ‘तीन दिवसांत उत्तर कळवा’ याचे ‘बाय थ्री डेज’ असे भाषांतर होत नाही. तेथे ‘विदिन थ्री डेज’ लिहावे, किंवा दिवस मोजून ‘बाय थर्सडे’ लिहावे. माझी पसंती दुसऱ्या पद्धतीला आहे, कारण तीन दिवस कोणत्या दिवसापासून मोजायचे हा प्रश्नच मग उरत नाही.

एवढे झाल्यावर मी विद्यार्थ्यांना सरावासाठी स्वतः रचलेली एक सूचना देतो. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरली जाते, त्यामुळे तिच्यातील आकडा कोणाला समजावून सांगावा लागत नाही. ती सूचना अशी: ‘नदीचे पाणी आज सायंकाळपर्यंत ४० फुटांपर्यंत वाढण्याची शक्यता असल्याने सखल भागातील रहिवाशांनी दुपारी चारपर्यंत सुरक्षित ठिकाणी जावे आणि पुढील सूचना मिळेपर्यंत घरी परतू नये.’ या एका वाक्यात ‘पर्यंत’ चार वेळा आलेले आहे. पाणी वाढून सायंकाळच्या आत त्या पातळीला पोचणार आहे, म्हणून ‘बाय धिस ईव्हनिंग’. चाळीस फूट ही मर्यादा आहे, म्हणून ‘टू फॉर्टी फीट’. घर सोडण्याची क्रिया चारच्या आत उरकायची आहे, म्हणून ‘बाय फोर पी.एम.’ आणि न परतण्याची स्थिती सूचना येईतोवर टिकवायची आहे, म्हणून ‘शुड नॉट रिटर्न अन्टिल फर्दर नोटीस’. या शेवटच्या ठिकाणी कोणी ‘बाय’ लिहिले, तर पुढची सूचना कधी येणार हे ठाऊक नसलेल्या रहिवाशाला आपण तोवर घराबाहेर राहायचे आहे, हेच त्या वाक्यातून कळत नाही.